नास्तिकाच्या घरी ट्रॉलीभर गणपती

आमच्या घरात देव नाही. देव आहे की नाही, हा वाद मी इथे काढत नाही (तो काढला की आमची मंगल आत निघून जाते आणि चहा येत नाही). मी फक्त घरातल्या सामानाबद्दल सांगतोय. सोफा आहे, टीव्ही आहे, खळखळ वाजणारं वॉशिंग मशीन आहे. देव्हारा नाही. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मी मंगलला तसं स्पष्ट सांगितलं होतं आणि ती काहीच बोलली नव्हती. बायको काही बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असा माझा तेव्हा समज होता. (वाचकांतल्या विवाहितांनी हसू नये.)

माझं नाव दत्तात्रय. तीन देव एकत्र करून आईवडिलांनी ठेवलं आणि मी त्यातल्या एकालाही मानलं नाही! त्यामुळे आमच्या पेठेत मला 'दत्ता नास्तिक' म्हणतात. कोल्हापुरात एकदा नाव पडलं की ते आधार कार्डापेक्षा पक्कं. पण मी नुसता नास्तिक नाही, तत्त्वाचा नास्तिक आहे. वर कुणी बघत नसलं तरी आपण आपल्याला बघतोच, तेव्हा खोटं बोलायचं नाही, कुणाचं लुबाडायचं नाही आणि दिलेला शब्द मोडायचा नाही. बँकेतली सगळी नोकरी मी याच तीन गोष्टींवर काढली आणि बढती न मिळवता निवृत्त झालो.

आता या तत्त्वाच्या माणसावर तत्त्वाचीच परीक्षा आली. आमची मुलगी मुक्ता वारणानगरला कॉलेजात शिकवते. तिथलाच नितीन चौगुले तिने पसंत केला. मुलगा गुणी, मुक्ता खूष, मंगल खूष. राहता राहिले नितीनचे वडील, जयसिंगपूरचे चौगुले सर. हे निवृत्त हेडमास्तर माझ्याहून नास्तिक! मी शाकाहारी नास्तिक असेन तर सर म्हणजे तांबडा-पांढरा नास्तिक. मुलीकडच्या दारावर लिंबू-मिरची दिसली म्हणून नितीनसाठी बघायला गेलेल्या एका स्थळाच्या उंबऱ्यावरूनच ते परत फिरले होते. चहासुद्धा घेतला नव्हता!

"आम्ही मुलगी बघत नाही," सर मला फोनवर म्हणाले. "मुलगी मुलाने बघितली. आम्ही घर बघतो. आणि गणपतीतच येतो. एरवी वर्षभर कुणीही नास्तिक असतो. सणासुदीत घर खरं कळतं."

"अवश्य या!" मी म्हणालो. मनातून तर मला गुदगुल्याच झाल्या. जिल्ह्यात शोधून सापडणार नाही असं निर्देव घर माझं! घरगुती गणपतींच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी यायचं ठरलं.

फोन ठेवल्यावर मुक्ता म्हणाली, "बाबा, एवढं एक नीट होऊ दे. सरांचं मन फिरलं तर नितीन घरातून बाहेर पडेल, पण मग त्याच्या आईचं काय? मला तसं लग्न नकोय."

"अगं, आपल्या घरात आक्षेप घेण्यासारखं आहेच काय?" असं मी म्हणालो. हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

दरवर्षी विसर्जनाच्या दिवशी आम्ही चार-पाच समविचारी मंडळी पेठेत मूर्तिदानाची ट्रॉली फिरवतो. नदीत मूर्ती सोडायच्या नाहीत, आमच्याकडे द्यायच्या, आम्ही त्या शहराबाहेरच्या खणीत, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या दगडखाणीत, नेऊन विधिवत सोडतो. (विधिवत म्हणजे हळू.) वर गेली काही वर्षं मी घरोघर फिरून डोकं खातोय की प्लास्टरची मूर्ती आणू नका, शाडूची आणा, पाण्यात बघता बघता विरघळते. सुरुवातीला लोक हसले, मग कंटाळले आणि शेवटी मी गप्प बसावं म्हणून सगळ्या पेठेने शाडूच्या मूर्ती आणायला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी मेहबूबभाईचा ट्रॅक्टर, मागे ट्रॉली, ट्रॉलीत चाळीसेक गणपती आणि गणपतींच्या मधोमध उभा मी, असे आम्ही आमच्याच गल्लीत आलो. समोरच्या शेवंताकाकू डोळे पुसत आपली मूर्ती घेऊन आल्या. मूर्ती माझ्या हातात दिली, पण सोडेनात.

"दत्ताभाऊ, नीट पाण्यात सोडशीला न्हवं?"

"शब्द देतो काकू."

"तुमचा देवावर इस्वास न्हाई, पर आमचा तुमच्यावर हाय. म्हणून देतोय बगा."

हे ऐकून माझी छाती फुगली. एका नास्तिकाला याहून मोठं प्रशस्तिपत्र काय मिळणार? ती छाती फुगलेली असतानाच 'फट्ट' असा आवाज झाला. ट्रॉलीचं मागचं चाक आमच्या दारात बसलं होतं.

"स्टेपनी?" मी विचारलं.

"स्टेपनी आदीच पंक्चर हाय की!" मेहबूबभाई खाली उतरत म्हणाला. "सकाळी काढून आणतो. ऱ्हाऊ द्या रातभर ट्रॉली हितंच."

तेवढ्यात आभाळ फाटलं. कोल्हापूरचा पाऊस विचारून येत नाही, पण निदान थेंबाथेंबाने तरी सुरू होतो. तो त्या दिवशी बादलीनेच आला! आम्ही ताडपत्री ओढली तर तिला मधोमध भगदाड. बघतो तर पहिल्या रांगेतल्या एका बाप्पाच्या कानाची पाळी ओघळायला लागलेली. शाडू! पाण्यात बघता बघता विरघळते! मीच सांगत फिरलो होतो! प्लास्टरचे असते तर चार महिने पावसात बसले असते.

"दत्ताभाऊ, बगत काय उभा ऱ्हायलाय?" मेहबूबभाई ओरडला. "लोकांची अमानत हाय ही! सकाळी काय चिखल दावणार व्हय त्यास्नी? घ्या आत!"

"आत म्हणजे कुठं?"

"तुमच्या घरात! दुसरं हाय काय हितं?"

मी शब्द दिला होता. घरोघरी, एकेका उंबऱ्यावर दिला होता. देव असो नसो, शब्द होता. मी पहिला गणपती छातीशी धरला आणि घरात शिरलो.

मंगल भाकरी थापत होती. मी सोफ्यावर पाच ठेवले, टीव्हीसमोर सात, जेवणाच्या टेबलावर मावतील तेवढे, वॉशिंग मशीनवर दोन, पलंगावर उशांच्या आधाराने एक अख्खी रांग. ती पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि दारातच थिजली. तिने सोफ्यावरून टेबलावर, टेबलावरून वॉशिंग मशीनवर नजर फिरवली. मग म्हणाली,

"तीस वर्सं एक मागत हुते मनातल्या मनात. आणि आणलासा ते एकदम ट्रॉली भरून!"

"मंगल, हे आपले नव्हेत. लोकांचे आहेत. ठेव म्हणून आहेत."

"ते कळतंय मला," ती म्हणाली आणि पदराने एकेकाचं पाणी टिपायला लागली. आम्ही त्या रात्री सतरंजीवर झोपलो. पलंग, सोफा, खुर्च्या सगळं आरक्षित होतं.

सकाळी नवाच्या आत ट्रॉली रवाना होईल, घर पुसून स्वच्छ नास्तिक करता येईल, असा माझा हिशोब होता. पण पेठेला मी विसरलो. सात वाजता दार वाजलं. दारात शेवंताकाकू, हातात नारळ, मागे अर्धी गल्ली!

"दत्ताभाऊ, टायर काय उगीच पंक्चर हुतंय व्हय?" काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "अख्खी पेठ सोडून तुमच्याच दारात! देवानं घर निवडलं बगा!"

"काकू, तो खिळा होता. हा बघा, मेहबूबभाईनं काढून दाखवला."

"आनि तो खिळा कुणी ठेवला?"

मी खिळा खिशात टाकला. (तपास आजही चालू आहे. खिळ्याचा मालक सापडलेला नाही.)

बघता बघता हॉल भरला. जो तो आपला गणपती शोधत होता. सगळ्या मूर्ती एकाच कुंभाराच्या, एकाच साच्यातल्या. "ह्यो आमचा!" "आवं, आमचा हाय त्यो, सोंड बगा की!" "सगळ्यांची सोंड तिकडंच हाय!" दोन वहिनी वॉशिंग मशीनजवळ एकाच बाप्पासाठी हमरीतुमरीवर आल्या, तेव्हा मी मध्ये पडून तो बाप्पा दोघींचाही असल्याचा निकाल दिला. कुणी जास्वंद आणली, कुणी दुर्वा. कुणीतरी उदबत्ती लावून माझ्या चष्म्याच्या डबीत खोचली. मी सगळ्यांना हात जोडून म्हणत होतो, "अहो, पाहुणे यायचेत, जरा आवरा," आणि मी हात जोडलेले बघून लोक म्हणत होते, "दत्ता सुधारला!"

आणि बरोबर नऊ वाजता गाडी थांबली.

चौगुले सर उतरले. पांढरा शर्ट, ताठ मान. मागे नितीन, त्याच्या मागे वहिनी, म्हणजे नितीनची आई, डोक्यावर पदर घेतलेली, शांत. सरांना आधी दिसला तो दारातला चपलांचा ढीग. त्यांनी पत्ता पुन्हा तपासला. मग ढिगातून वाट काढत उंबऱ्यावर आले आणि समोर बघून त्यांचा चेहरा असा झाला, की जणू विज्ञान प्रदर्शन म्हणून नेलं आणि जत्रेत सोडलं. चाळीसेक गणपती त्यांच्याकडे बघत होते. सर त्यांच्याकडे बघत होते. नितीन मुक्ताकडे बघत होता. मुक्ता माझ्याकडे बघत होती. मी वॉशिंग मशीनकडे बघत होतो.

"हे... काय आहे?" सरांचा आवाज चिरका झाला.

मी तोंड उघडायच्या आत शेवंताकाकूंनी सरांच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "घ्या पावणं, परसाद! जागृत घर हाय हे!"

सर लालबुंद झाले. टाकावा तर अन्न वाया जातं (तेही तत्त्वाचे!), खावा तर प्रसाद. शेवटी त्यांनी तो तोंडात टाकला आणि सगळ्या हॉलला उद्देशून सांगितलं, "मी हे खोबरं म्हणून खातो आहे!"

"खावा की," काकू म्हणाल्या. "आमीबी खोबरंच दिलंय."

मी सरांना बाजूला घेतलं आणि ट्रॉली, टायर, पाऊस, शाडू सगळं एका दमात सांगितलं. त्यांना ते पटत नव्हतं. चष्म्याच्या डबीतून धूर येत असताना कुणाला पटेल? मग घाबरून मी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. म्हणालो, "सर, यांची घरोघरी उत्तरपूजा झालेली आहे. शास्त्राप्रमाणे उत्तरपूजा झाली की मूर्तीत देव राहत नाही, नुसती माती राहते. म्हणजे शास्त्राप्रमाणे आत्ता या घरात देव नाहीच!"

"शास्त्राप्रमाणे?" सर दोन पावलं मागे सरकले. "तुम्ही मला शास्त्राधार देताय? तुम्ही?"

मुक्ताने कपाळावर हात मारला.

सुदैवाने तेवढ्यात पंक्चर काढलेलं चाक परत बसवून झालं आणि मेहबूबभाईने हॉर्न दिला. गल्लीने साखळी केली, हातोहात मूर्ती ट्रॉलीत गेल्या, ऊनही पडलं. मेहबूबभाई आणि आमची मंडळी खणीकडे निघाली, मागोमाग काकूंची फौज गेली. घर रिकामं झालं. सोफा पुन्हा सोफा दिसू लागला. सर खुर्चीच्या टोकावर बसले आणि थोड्या वेळाने घसा खाकरून म्हणाले, "दिलेला शब्द पाळण्यासाठी केलंत, असं समजायला माझी हरकत नाही. शब्द ही मोठी गोष्ट आहे. बरं, हात कुठे धुऊ? खोबऱ्याने चिकट झालेत."

मुक्ताच्या चेहऱ्यावर हसू आलं. माझ्या जिवात जीव आला. मी ऐटीत त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेलो.

स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात, मिक्सरशेजारी एक छोटा गणपती बसला होता. आदल्या दिवशी कानाची पाळी ओघळलेला, तोच. समोर वाटीत गूळ, डोक्यावर जास्वंदीचं फूल. आणि त्याच्यासमोर मंगल आणि चौगुले वहिनी, दोघी शेजारी शेजारी, डोळे मिटून!

मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. (जमिनीनेही विवेक पाळला.)

"ही श्रद्धा कुणाची?" सरांनी कडक आवाजात विचारलं. वर्गात खडू कुणी फेकला, हे विचारावं तसं.

मंगलने डोळे उघडले. मला वाटलं, ती काहीतरी सांभाळून घेईल. ती म्हणाली, "माझी."

"मंगल!" मी ओरडलोच.

"ओरडू नगासा. ह्याचा कान गेलाय, ट्रॉलीत धक्के बसून आनि कायतरी जाईल म्हणून मागं ठेवला. आनि खरं सांगू? मला ठेवावासा वाटला." तिने गुळाची वाटी सरळ केली. "घरात देव नगो, हे तुमी ठरवलासा. मी कुटं न्हाई म्हणाले? पर तीस वर्सांत मला इचारलासा का कदी, मंगल, तुला काय वाटतं म्हणून?"

नाही. विचारलं नव्हतं. मतस्वातंत्र्यावर मी गावोगाव बोललो होतो. हातकणंगल्यात तर लागोपाठ दोन वेळा. स्वयंपाकघरात बोललो नव्हतो. मला आतून फार वाईट वाटलं.

सरांनी दया आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि वहिनींकडे वळले. "चला. आपण निघू."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. सकाळपासून पहिल्यांदाच बोलल्या, तेही अगदी हळू.

"मलाबी कुनी इचारलं न्हाई."

सरांचे चिकट हात तसेच हवेत राहिले. मागे येऊन उभ्या राहिलेल्या नितीनने आ वासला. माणूस इतका हबकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्याच्या शेजारी मीही तसाच उभा होतो. जिल्ह्यातले दोन कट्टर विचारस्वातंत्र्यवादी, मिक्सरसमोर, तोंडं मिटून!

"आता असं करा," मंगल एकदम मोकळ्या आवाजात म्हणाली. "ह्याचंबी विसर्जन व्हायचंच हाय. तुमी शब्द दिलाय न्हवं लोकास्नी? तुमी दोघं जाऊन खणीत सोडून या. तवर आमी लग्नाचं ठरवतो."

"पण मी कशाला?" सर म्हणाले.

"भावजींची स्कूटर हाय. धरून बसायला माणूस नगो मागं?" वहिनींनी विचारलं.

आणि अशा रीतीने कोल्हापूरच्या भर रस्त्यातून एका स्कूटरवर दोन नास्तिक निघाले. पुढे मी, मागे मांडीवर गणपती घेतलेले चौगुले सर. सिग्नलला एक रिक्षावाला शेजारी थांबला. बाप्पा बघून त्याने हाळी दिली, "गणपती बाप्पाऽऽ!"

सर समोर बघत राहिले. सगळा सिग्नल आमच्याकडे बघायला लागला.

"काय पावणं, घसा बसलाय व्हय?"

"...मोरया," सर पुटपुटले. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हे केवळ सौजन्य होतं. नोंद घ्या."

पुढच्या चौकात त्यांनी विचारलं, "दत्ताजीराव, न विचारता दुसऱ्याचा देव काढून घेणाऱ्याला काय म्हणायचं हो?"

"विवेकवादी," मी म्हणालो.

"हं," सर म्हणाले आणि मांडीवरचा गणपती नीट धरून बसले.

खणीवर एक दांडगी स्वयंसेविका कमरेवर हात ठेवून उभी होती. "आरती केलीसा?"

"ताई, आम्ही नास्तिक आहोत."

"मग काय झालं? आरती करून नास्तिक व्हा की! ते तबक घ्या. चला बिगीबिगी, कालच्या पावसात आडकलेल्यांची मागं रांग हाय."

मी सरांकडे पाहिलं. सर मूर्तीच्या गेलेल्या कानाकडे पाहत होते. मग त्यांनी घसा साफ केला, डोळे मिटले आणि सुरू केलं. खणखणीत! एकही कडवं न गाळता, एका आरतीमागून दुसरी, शेवटी मंत्रपुष्पांजलीसुद्धा, तीही शुद्ध उच्चारांत! रांगेतली माणसं पुढे सरकून ऐकायला लागली. मी थक्क होऊन नुसत्या टाळ्या वाजवत राहिलो. मूर्ती पाण्यात गेली आणि खरोखरच बघता बघता विरघळली. सरांनी डोळे उघडले, सगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाठांतर म्हणजे श्रद्धा नव्हे." त्यांचे डोळे ओले होते. मी ते पाण्याचे शिंतोडे म्हणून पाहिले.

परत आलो तर घरात पोह्यांचा वास आणि सगळं ठरलेलं! नोंदणी लग्न, भटजी नाही, मुहूर्त नाही, सगळ्यांना सुट्टी असेल तो दिवस. आणि पुढच्या वर्षीपासून मंगलचा एक गणपती कोल्हापुरात, वहिनींचा एक जयसिंगपुरात. "हरकत हाय का?" दोघींनी एकदम विचारलं. "प्रत्येकाला विचारस्वातंत्र्य आहे," आम्ही दोघे एकदम म्हणालो. मुक्ताने माझ्या गळ्यात हात टाकले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. खणीवर कुणीतरी आमचा व्हिडिओ काढला होता आणि तो पेठेत सगळ्यांकडे पोचून आता आमच्या घरी आला होता. सगळे डोकी जोडून बघायला लागले. सर आरती म्हणत होते, शेजारी मी टाळ्या वाजवत होतो. वहिनींनी सरांकडे अशा नजरेने पाहिलं, की सर लाजले. मंगलने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग परत पहिल्यापासून लावला आणि माझ्या टाळ्यांवर बोट ठेवलं.

"देव न्हाई म्हणालासा, तीस वर्सं ऐकून घेतलं," ती म्हणाली. "आता तालबी न्हाई?"